जुने डेस्कटॉप आणखी पाच वर्षं कसे चालवायचे : शाळा, ग्रंथालयं आणि छोट्या कार्यालयांसाठी

कृष्णाकाठ

विंडोज १० चे नियमित सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तेव्हापासून जिथे जिथे आठ-दहा वर्षांपूर्वीचे डेस्कटॉप आहेत तिथे एकच सल्ला ऐकू येतो : सगळे निर्लेखित करा (नोंदवहीतून कमी करून काढून टाका), नवे घ्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, हे खरं. पण त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आय३ निकामी ठरत नाही. त्याच्यावर चालणारी विंडोज जुनी झाली, एवढंच.

घाई का करू नये, याचं गणित आधी मांडतो. नवा छोटा डेस्कटॉप किंवा लॅपटॉप तयार होतानाच साधारण १५० ते ३०० किलो कार्बन डायऑक्साइडचा भार डोक्यावर घेऊन येतो. उत्पादक स्वतःच असे अहवाल छापतात. खाणकाम, चिप तयार करणारे कारखाने, सर्किट बोर्ड, वाहतूक हे सगळं त्यात येतं. मशीन आपल्या टेबलावर पोचतं तेव्हा हा खर्च होऊन गेलेला असतो आणि बटण बंद ठेवून तो परत मिळत नाही. आपल्याकडच्या विजेचा कार्बनचा भार युनिटमागे साधारण ०.७ किलो धरा.

आता तुलना. तिसऱ्या पिढीच्या आय३ चं कॅबिनेट, साधं काम चालू असताना, सुमारे ३५ वॉट घेतं. नवं छोटं मशीन १२ वॉट. फरक २३ वॉट. दिवसाला ८ तास, वर्षाला २५० दिवस, म्हणजे २,००० तास : ४६ युनिट, सुमारे ३२ किलो. २०० किलोचा बोजा घेऊन आलेल्या नव्या मशीनला तो नुसत्या वीजबचतीतून फेडायला सहा वर्षं लागतात. तोवर त्याच्याही निर्लेखनाची चर्चा सुरू झालेली असते.

हे गणित उलटतं ते काचेच्या नळीचा जाड मॉनिटर आणि कोअर २ ड्युओच्या काळातलं कॅबिनेट असेल तिथे. दोन्ही मिळून १३५ वॉटच्या घरात जातात. त्याऐवजी कंपन्यांच्या लीजवरून परत आलेलं वापरलेलं मिनी मशीन आणि एलईडी मॉनिटर लावला तर २८ वॉटच्या आसपास काम भागतं. त्याच २,००० तासांत २७० युनिटऐवजी ५६ युनिट. मशीन वापरलेलंच असल्यामुळे नव्या उत्पादनाचा भारही येत नाही. तिथे बदलणंच योग्य.

कामाचा क्रम माझ्या मते असा : आधी साफसफाई, मग डिस्क, मग रॅम, शेवटी ऑपरेटिंग सिस्टिम. वीस मशीन एकदम उघडू नका. एक पूर्ण करा, तीन-चार दिवस रोजच्या कामाला लावा, मग बाकीची हातात घ्या. प्रत्येक टप्प्यावर जाणकारांनी या धाग्यात सविस्तर लिहावं.

ओहम

गणित पटलं. पण ३५ वॉट प्रत्येकाच्या मशीनला लागू पडेलच असं नाही, म्हणून मोजून घ्या. क्लॅम्प मीटरने करंट बघून त्याला २३० ने गुणू नका. स्वस्त जुन्या एसएमपीएसमध्ये (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात) पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला प्रत्यक्ष वॉटचा वाटा, सुधारणारं सर्किट नसतं, तो ०.६ च्या आसपास राहतो. मीटरवर ०.२५ अँपिअर दिसले तर गुणाकार ५७.५ येतो, प्रत्यक्ष खप ३५ वॉटच्या आत असतो. सॉकेटमध्ये खोचायचा वॉटमीटर हे बरोबर दाखवतो.

तो नसेल तर विजेचं मीटर वापरा. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी युनिटमागे किती लुकलुक ते छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३,२००. बाकी सगळी उपकरणं बंद करा, फक्त एक संगणक चालू ठेवा, दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ११२५ भागिले सेकंद म्हणजे वॉट. १५ सेकंद आले तर ७५ वॉट. मीटरवर ३,२०० ऐवजी दुसरा आकडा असेल तर ३६,००,००० ला त्या आकड्याने भागून ११२५ च्या जागी येणारा आकडा काढा. एकच लुकलुक मोजू नका, दहा मोजून सरासरी घ्या.

आता ज्याकडे कुणी बघत नाही ते. 'शटडाउन' केल्यावरही कॅबिनेट २-३ वॉट घेत राहतं, मॉनिटर अर्धा वॉट, आणि ६०० व्हीएचा यूपीएस बॅटरी पूर्ण भरलेली असतानाही ४-५ वॉट खातो. एका जागेचे ८ वॉट धरा. २० जागांचे १६०. वर्षातल्या ८,७६० तासांतून कामाचे २,००० वजा केले तर ६,७६० तास उरतात. १,०८० युनिट, म्हणजे ७५० किलोंच्या वर, आणि तेही कक्षाला कुलूप असताना. यावरचा उपाय म्हणजे दाराजवळ एक मेन स्विच. कुलूप लावणाऱ्याने तो पाडायचा, ही सवय लावायची.

मात्र यूपीएस बाबतीत सांभाळा. लेड-ॲसिड बॅटरी आपोआप उतरते. मे महिन्याच्या सुट्टीत दीड महिना वीज तोडून ठेवली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि जूनमध्ये यूपीएस दोन मिनिटंही धरत नाही. सुट्टीला जाण्याआधी पूर्ण चार्ज करा, यूपीएसचं स्वतःचं बटण बंद करा, आणि मध्ये एकदा कुणाला तरी पाठवून आठ तास चार्जिंगला लावा.

वैनगंगा

ओहमदादा, कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात. बऱ्याच शाळांत हे असंच आहे. याचा मशीनच्या आयुष्याशी संबंध आहे का?

ओहम

आहे, आणि आधी तो माणसाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग चांगली असेल तर त्यांतून येणारा करंट जमिनीत जातो. अर्थिंग तुटली असेल तर बॉडी निम्म्या व्होल्टेजवर, ११५ च्या आसपास, तरंगत राहते. करंट अगदी थोडा असतो म्हणून मुंग्यांवर भागतं. पण त्याच अवस्थेत चालू मशीनला प्रिंटरची किंवा मॉनिटरची केबल जोडली की पोर्ट जळू शकतो.

मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून सॉकेटमध्ये न्यूट्रल ते अर्थ मोजा. संगणक चालू असताना २-३ व्होल्टपर्यंत ठीक. २०-३० दिसले किंवा आकडा नाचत राहिला तर वायरमनला बोलवा. फेज ते अर्थ हे फेज ते न्यूट्रलइतकंच आलं पाहिजे. अर्थ पीन न्यूट्रलला जोडून वेळ मारून नेऊ देऊ नका. न्यूट्रल तुटला की सगळ्या कॅबिनेटच्या बॉडीवर थेट फेज येते.

निळी_वायर

साफसफाईवर लिहितो. 'मशीन स्लो झालं' म्हणून भंगारात निघालेल्या कितीतरी डेस्कटॉपांचा दोष एवढाच असतो की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो.

वीज काढा, केबल काढल्यावर पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. डावीकडचं पॅनेल काढा. कॅबिनेट बाहेर अंगणात न्या, कक्षात धूळ उडवू नका, ती शेजारच्या मशीनमध्ये जाते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने पंखा त्याच्या मर्यादेपेक्षा जोरात फिरला तर बेअरिंग जातं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा वापरू नका, टाकीत साठलेलं पाणी फवाऱ्यासारखं बोर्डावर येतं.

नुसत्या ब्लोअरने मुख्य गोष्ट निघत नाही. इंटेलच्या गोल हीटसिंकवर पंखा आणि ॲल्युमिनियमच्या पात्या यांच्यामध्ये धुळीची नमद्यासारखी घट्ट चकती जमते. वरून बघितलं तर पंखा स्वच्छ दिसतो. हीटसिंक उतरवूनच ती निघते. चारही खुंट्यांच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो, त्या दिशेने पाव वळसा फिरवून वर ओढा. मशीन पाच-दहा मिनिटं चालवून गरम असतानाच बंद करून हे काम केलं तर वाळलेली पेस्ट सैल झालेली असते. थंड मशीनवर हीटसिंक सरळ वर उपटू नका, आधी थोडा डावी-उजवीकडे पिळा. एएमडीच्या जुन्या सॉकेटमध्ये प्रोसेसर पिनांसकट उपटून येतो आणि पिना वाकतात.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने पुसा. नवी पेस्ट मुगाच्या दोन दाण्यांएवढी, मधोमध. बोटाने पसरवू नका, दाबाने ती आपोआप पसरते. जास्त लावली तर कडेने सॉकेटमध्ये उतरते.

हीटसिंक परत बसवताना खुंट्या मूळ जागी फिरवून घ्या आणि कर्णरेषेत, समोरासमोरच्या दोन-दोन दाबा. प्रत्येकीचा 'टक' आवाज आला पाहिजे. मग बोर्डाच्या मागून बघा : चारही ठिकाणी पांढऱ्या पाकळ्या बाहेर आल्यात आणि त्यांच्या मध्ये काळी पीन आहे ना. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. तीन खुंट्या बसल्या आणि चौथी नाही, तर मशीन चालू होतं, दिसायला सगळं ठीक असतं, पण दहा मिनिटांत तापमान ९० च्या पुढे जाऊन ते आधीपेक्षाही मंद चालतं. काम झाल्यावर बायोसमध्ये (मशीन उठतानाच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) जाऊन तापमान बघा, १०-१५ मिनिटं थांबून ते ५५ च्या आत स्थिर राहिलं पाहिजे.

बोर्ड उघडा आहे तोवर दोन गोष्टी अजून. प्रोसेसरजवळच्या कपॅसिटरची डोकी सपाट आहेत का बघा. फुगलेली किंवा वर तपकिरी खपली असलेली असतील तर त्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे, १०५ अंशांचे, लो ईएसआर प्रकारचे कपॅसिटर टाका. पट्टीची बाजू ऋण, ती उलटू देऊ नका. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला हे काम सहज करतो. एसएमपीएस मात्र उघडू नका, त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतो आणि वीज काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

दुसरी गोष्ट, सीआर२०३२ सेल. तो मेला की मशीन दर वेळी २०१२ किंवा तत्सम तारखेला उठतं. मग ब्राउझर प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळावर प्रमाणपत्र अवैध असल्याचं सांगतो, आणि मंडळी 'या संगणकावर इंटरनेट चालत नाही, जुना झाला' असा शेरा मारतात. सेल मीटरवर ३ व्होल्टच्या आसपास हवा, २.७ च्या खाली गेला की बदला.

तांबडी_माती

गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरीकडच्या लोकांसाठी भर घालते. इथे धुळीपेक्षा दमट खारी हवा जास्त त्रास देते. पावसाळ्यानंतर मशीन चालू होतं, पंखा फिरतो, स्क्रीन काळाच आणि तीन लांब बीप, असं झालं तर बहुतेक वेळा बोर्ड गेलेला नसतो, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पापुद्रा धरलेला असतो. रॅम काढा, पट्ट्या अल्कोहोलने पुसा, स्लॉटमध्ये मऊ कोरडा ब्रश फिरवा, दोन-तीनदा घालून-काढून मग पक्की बसवा. खोडरबर सगळेच वापरतात, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडला तर नवी डोकेदुखी. रबर वापरलंच तर नंतर अल्कोहोलने पुसणं चुकवू नका.

जून ते सप्टेंबर कक्ष बंद असला तरी आठवड्यातून एकदा सगळी मशीन तासभर चालवा. आतल्या उबेने ओलावा निघून जातो. त्यावर प्लास्टिकची आवरणं घट्ट गुंडाळून ठेवू नका, ओल आतच कोंडते. सुती कापड बरं.

वैनगंगा

रॅम आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) नेमकी कोणती घ्यायची? दुकानात 'डीडीआर३ आहे' म्हणून देतात आणि बसवल्यावर मशीन उठतच नाही.

निळी_वायर

त्यामागे दोन कारणं असतात. लॅपटॉपमध्ये इंटेलच्या चौथ्या पिढीपासून १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. साधी १.५ व्होल्टची पट्टी खाचेत नीट बसते, पण मशीन उठत नाही. पट्टीच्या स्टिकरवर 'पीसी३एल' लिहिलंय का बघा. उलट दिशेने अडचण नाही, ३एल पट्टी १.५ वरही चालते.

डेस्कटॉपमध्ये स्वस्तात मिळणाऱ्या ८ जीबीच्या काही डीडीआर३ पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डावर चालतात. त्यांच्या चिपची घडण वेगळी असते, इंटेलचे त्या काळातले बोर्ड ती ओळखत नाहीत. दुकानदाराला 'इंटेलच्या एच६१ बोर्डावर चालणारी' असं स्पष्ट सांगा आणि बदलून देण्याची अट घाला. एच६१ ला स्लॉट दोनच असतात. ४ जीबीच्या दोन, एकूण ८ जीबी, शाळा-कार्यालयाच्या कामाला पुष्कळ झाली. त्याहून जास्त भरू नका. निर्लेखित मशीनमधल्या पट्ट्या काढून जोड्या लावल्या तर नवी खरेदी निम्म्यावर येते.

एसएसडी २.५ इंची साटा (डिस्क जोडण्याचा नेहमीचा प्रकार), २४० किंवा २५६ जीबी. १ टीबी घेऊ नका. फ्लॅश मेमरी तयार करायला कारखान्यात वीज फार लागते, क्षमता वाढली की भारही त्याच प्रमाणात वाढतो, आणि कक्षातल्या मशीनवर २०० जीबी रिकामेच राहतात. बोर्डावर सेकंदाला ६ गिगाबिट वेगाचा साटा पोर्ट वेगळ्या रंगाचा असेल तर त्यात लावा. बायोसमध्ये साटाचा मोड 'एएचसीआय' करा. जुनी विंडोज तशीच ठेवणार असाल तर हा बदल केल्यावर निळा स्क्रीन येतो, नव्याने सिस्टिम टाकणार असाल तर येत नाही.

जुनी हार्ड डिस्क सरसकट फेकू नका. स्मार्ट तपासणीत (डिस्क स्वतःच्या दोषांची जी नोंद ठेवते ती वाचणं) क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न येणारे सेक्टर. दोन्ही शून्य असतील तर डिस्क सामायिक फाइल ठेवायला किंवा बॅकअपला चालते. १९७ वाढत असेल तर तिच्यावर काहीही महत्त्वाचं ठेवू नका. आणि १९९ वाढत असेल तर दोष डिस्कचा नाही, साटा केबलचा. ती बदलल्यावर 'खराब' ठरलेल्या कित्येक डिस्क नीट चालतात.

कृष्णाकाठ

एसएसडीचा एक फायदा कागदावर दिसत नाही. मशीन उठायला चार मिनिटं लागत असतील तर लोक ते बंदच करत नाहीत, दुपारच्या सुट्टीतही चालू ठेवतात. ३० सेकंदांत उठायला लागलं की आपोआप बंद करतात. वीज तिथे वाचते.

लिपिकार

आता ऑपरेटिंग सिस्टिम. पर्याय असे. विंडोज १० वरच राहायचं तर घरगुती मशीनसाठी वाढीव अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. संस्थांना पैसे भरून तीन वर्षं मिळतात, पण दर वर्षी दर दुप्पट होतो. आडवाटेने विंडोज ११ टाकणारे बरेच आहेत. त्या मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि कोअर २ च्या काळातल्या प्रोसेसरवर २४एच२ आवृत्ती उठतच नाही, कारण तिला लागणाऱ्या काही सूचना त्या चिपमध्येच नाहीत. वीस मशीनची जबाबदारी असेल तर मी हा मार्ग सुचवणार नाही.

उरतं लिनक्स, ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. केरळच्या सरकारी शाळांत अनेक वर्षं हेच चालतं, तिथल्या काइट संस्थेची स्वतःची आवृत्ती आहे. आपल्याकडे शिकवायला मदत हवी असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीत आहेत, तेही फुकट.

४ ते ८ जीबी रॅमला लिनक्स मिंट २२, एक्सएफसीई आवृत्ती. तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ४ जीबीच्या मशीनवर झेडरॅम चालू करा, रॅमचाच एक भाग दाबून वापरला जातो आणि डिस्कवरचं स्वॅप (रॅम भरल्यावर डिस्कचा आधार घेणं) कमी होतं. एका मशीनवर सगळं नीट बसवून क्लोनझिला या साधनाने डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) काढा आणि बाकीच्यांवर टाका. प्रतिमा काढण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी करायला विसरू नका. ती सगळीकडे सारखी राहिली तर काही राउटर दोन मशीनना एकच आयपी देतात आणि दोन्हींचं नेट आळीपाळीने तुटतं. कारण शोधण्यात दिवस जातो.

मराठीसाठी आयबस आणि एम१७एन ही दोन पॅकेजं टाका. इन्स्क्रिप्ट, फोनेटिक, रेमिंग्टन असे आराखडे मिळतात. खरी अडचण जुन्या फाइलींची. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली पत्रं तो फॉन्ट नसेल तर अगम्य अक्षरांचा ढीग दिसतात. मशीन बदलण्याच्या आधीच त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करा. रूपांतरानंतर रफार, पोटफोड्या ष आणि ऱ्ह-ऱ्य नजरेखालून घाला, चुका तिथेच राहतात. ज्या फाइली फक्त वाचायच्याच आहेत त्यांच्या पीडीएफ करून ठेवल्या तरी पुरतं.

प्रिंटर आधी तपासा, सिस्टिम टाकून झाल्यावर नाही. एचपी लेझरजेट १०२० ला दर वेळी चालू केल्यावर संगणकाकडून फर्मवेअर द्यावं लागतं. एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं प्लगइन वेगळं उतरवलं नाही तर प्रिंटर यादीत दिसतो आणि कागद मात्र येत नाही. कॅनन एलबीपी २९०० आपल्याकडे गल्लोगल्ली आहे आणि लिनक्सवर सगळ्यात जास्त दमवतो तोच. त्याचा कॅप्ट ड्रायव्हर जुन्या ३२-बिट लायब्रऱ्यांवर उभा आहे. कॅप्टड्रायव्हर नावाचा मुक्तस्रोत पर्याय आहे, आधी एका मशीनवर २०-२५ पानं काढून बघा. जमलं नाही तर एक विंडोज मशीन इंटरनेटपासून तोडून फक्त छपाईला ठेवा. टॅली आणि डिजिटल स्वाक्षरीचं टोकन यांच्यासाठीही विंडोज ११ चालणारं एक मशीन लागेलच. वीसातलं एक नवं घ्यावं लागणं आणि वीसच्या वीस बदलणं, यांत फार फरक आहे.

तांबडी_माती

प्रिंटरचा विषय निघालाच आहे तर : २९०० चं ३०३ कार्ट्रिज आणि एचपीचं १२ए जवळपास सारखंच. त्यात साधारण १०० ग्रॅम पावडर, २,००० पानं. पुन्हा भरताना वाया गेलेल्या पावडरीचा कप्पा रिकामा करून घ्या. नुसती वरून पावडर भरणाऱ्याकडे तिसऱ्या वेळेपासून पानाच्या कडेला काळे पट्टे येतात, आणि दोष ड्रमवर ढकलून अख्खं कार्ट्रिज बदलायला लावतात. ती काळी पावडर मोरीत धुवू नका, पिशवीत बांधून भरणाऱ्याकडेच परत द्या.

मुळाक्षर

सगळं मान्य, पण या धाग्यात क्लाउड आणि एआयबद्दल कुणीच बोलत नाही. डेटा सेंटरची वीज या वीस मशीनपेक्षा कितीतरी जास्त. जुने मेल डिलीट करा असंही सांगतात.

ओहम

आकडा मोठा आहे, हे खरं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, जगाच्या विजेच्या दीड टक्का, आणि २०३० पर्यंत ती दुपटीहून वाढेल असा त्यांचा अंदाज आहे. ती वीज कोळशाची असावी की वाऱ्याची, हा धोरणाचा प्रश्न आहे आणि तो विचारायलाच हवा. नवी मुंबईच्या पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहत आहेत, म्हणजे तो आपल्याही दाराशी आलाय. पण मेल डिलीट करत दोन तास ७५ वॉटचा संगणक चालवला तर ०.१५ युनिट इथेच खर्च होतात. पडून असलेल्या मेलची वीज त्यापुढे नगण्य.

कक्षातून करण्यासारखी एक गोष्ट आहे. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये यूट्यूबचे व्हीपी९ आणि एव्ही१ हे नवे व्हिडिओ प्रकार उलगडणारं हार्डवेअर नाही. सगळं ओझं प्रोसेसरवर येतं, पंखा ओरडतो, व्हिडिओ अडखळतो. एच२६४ हा जुना प्रकार मागणारं एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये टाका आणि ४८० किंवा ७२० वर बघा. तो प्रकार त्या चिपमध्ये हार्डवेअरने उलगडतो. सोबत जाहिराती रोखणारं एक्स्टेन्शन. दोन्हींचा फरक वॉटमीटरवर लगेच दिसतो.

जडसंग्रह

कागदोपत्री बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. शाळेत किंवा कार्यालयात सुटे भाग इकडचे तिकडे करण्याआधी जडसंग्रह नोंदवही (संस्थेच्या टिकाऊ वस्तूंची यादी) बघा. एका मशीनची रॅम दुसऱ्यात घातली तर दोन्ही अनुक्रमांकांसमोर तारखेसह शेरा लिहा आणि सही घ्या. हे न केल्यामुळेच मेलेली मशीन कोपऱ्यात दहा-दहा वर्षं पडून राहतात : पडताळणीत भाग कमी दिसतील या भीतीने कुणी त्यांना हात लावत नाही, आणि तोवर त्यातले चालणारे भागही निरुपयोगी होतात.

जे खरोखर गेलं आहे त्याचं निर्लेखन करून विल्हेवाट लावताना वजनावर भंगारात विकू नका. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि उपकरणं नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडेच जायला हवीत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अधिकृत पुनर्चक्रकांची यादी असते. १,००० किंवा जास्त उपकरणं वापरणाऱ्या संस्था मोठ्या ग्राहकांत मोडतात. २० संगणकांची शाळा त्यात येत नाही, पण तिचा माल चुकीच्या हातात गेला तर होणारं नुकसान तेच. भंगाराच्या साखळीत तांब्यासाठी वायर जाळतात, पीव्हीसीच्या धुरात डायॉक्सिन असतं. बोर्डावरच्या सोन्यासाठी उघड्यावर ॲसिड वापरतात. दिल्लीचं सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद इथे हे वर्षानुवर्षं चालत आलंय, आणि ते काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांवर ते जातं. जगात २०२२ साली ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला, त्यातला नोंदीनिशी गोळा होऊन पुनर्चक्रित झालेला २२.३ टक्के.

एकटी शाळा बोलावते तेव्हा वजन कमी म्हणून गाडी येत नाही. केंद्रातल्या आठ-दहा शाळांनी एक तारीख ठरवून माल एका ठिकाणी आणला की येते. पावतीवर प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक आणि वजन लिहून घ्या, निर्लेखनाच्या फाइलला तीच लागते. काचेच्या नळीचे मॉनिटर फोडू देऊ नका, काचेत शिसं आहे. जुन्या सपाट मॉनिटरच्या मागच्या नळ्यांत पारा असतो. यूपीएसची बॅटरी यात घालू नका, तिला २०२२ चे वेगळे बॅटरी कचरा नियम आहेत. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या.

वैनगंगा

लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल तर? आणि डिस्कवरची मुलांची, खातेदारांची माहिती कशी पुसायची? फॉरमॅट पुरतं का?

निळी_वायर

टचपॅड वर आला किंवा झाकण नीट बसेना झालं की चार्जर लगेच काढा आणि मशीन वापरणं थांबवा. बॅटरी स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, टोचू नका, दाबून सपाट करू नका. मशीन बंद करून बॅटरीचं कनेक्टर आधी सोडवा, चिकटवलेली असेल तर प्लास्टिकच्या पातळ कार्डाने हळू सोडवा. कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, इमारतीबाहेर सावलीत ठेवा, आणि पुनर्चक्रकाला आधीच सांगा की फुगलेली आहे. पुढे ही वेळ येऊ नये म्हणून सतत चार्जरवर असणाऱ्या लॅपटॉपला ८० टक्क्यांची मर्यादा घाला. बायोसमध्ये किंवा लिनक्सवर टीएलपी या वीज सांभाळणाऱ्या साधनात ती सोय बऱ्याच मॉडेलना असते.

फॉरमॅट पुरत नाही, फक्त अनुक्रमणिका जाते. फिरत्या डिस्कला एनवाइप या पुसण्याच्या साधनाने एक फेरी शून्य लिहा. ५०० जीबीला दीड ते अडीच तास. सात फेऱ्यांची गरज नाही, वीज आणि वेळ वाया जातो. मग डिस्क पुन्हा वापरता येते, हातोडा मारायची गरज नाही.

लिपिकार

एसएसडीला मात्र एनवाइपची ती फेरी चालवू नका. ती आपल्या मर्जीने डेटा वेगळ्या कप्प्यांत हलवते, त्यामुळे काही भाग पुसलाच जात नाही. साटा एसएसडीला 'सिक्युअर इरेज' हा तिचा स्वतःचा आदेश द्या, एचडीपार्म या लिनक्सवरच्या साधनाने देता येतो. बऱ्याच बोर्डांवर डिस्क 'फ्रोझन' दाखवते आणि आदेश नाकारते. मशीन एकदा स्लीपमध्ये टाकून उठवलं की बहुतेक वेळा कुलूप निघतं. एनव्हीएमई (साटाऐवजी वेगळ्या, जास्त वेगाच्या जोडणीची एसएसडी) असेल तर त्याचा वेगळा फॉरमॅट आदेश आहे, त्यात पुसण्याची सेटिंग १ द्या. आदेश देण्याआधी डिस्कचा अनुक्रमांक स्क्रीनवर वाचून तिच्यावरच्या स्टिकरशी जुळवा. मशीनला दोन डिस्क असतील तर दुसरीची केबल आधी काढून ठेवा.